शुक्रवारची फळं

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उलटला की शुक्रवारी आमच्या इमारतीत सफरचंदाला कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी त्याच सफरचंदांचा भाव ऐकून बायकांनी नाकं मुरडलेली असतात आणि तरी पिशवीभर घेतलेली असतात, कारण उद्यापनाला प्रत्येक सवाष्णीच्या हातात हळदीकुंकवाबरोबर एक फळ ठेवायचं असतं. मी तुला सफरचंद द्यायचं, तू मला चिकू द्यायचा, तिसरीने दोघींना केळं द्यायचं. संध्याकाळच्या शेवटी जी ती आपण वाटली तेवढीच फळं घेऊन घरी परतते. शिवाय घटापुढे मांडलेली पाच फळं असतातच. मग शुक्रवारी घराघरांत शिकरण, फ्रूट सॅलड, आणि मुलांच्या मागे लागणं, "अरे खा, प्रसाद आहे."

या फळांच्या बाबतीत मी इमारतीत बदनाम आहे. हातात पडलेलं फळ मी दाबून बघते, आणि देणारीच्या देखत बघते. पिठूळ सफरचंद मला बोट लागताच कळतं, आणि कळलं की मी गप्प बसत नाही. "देवीसाठी तरी बरं आणायचं होतंस गं," असं मी एकदा तळमजल्यावरच्या नव्या नवरीला म्हणाले होते. ती बिचारी रडवेली झाली. आमचे हे म्हणायचे, "तुला हळदीकुंकवाला बोलावतात की फळांच्या तपासणीला?" खरं म्हणजे पिठूळ सफरचंदं घरी आणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पनवेलच्या बाजारातला फळवाला त्यांना लांबून येताना बघूनच खूश होत असे.

हे गेले ते श्रावणात. पहिलं वर्ष घरात सणवार नव्हतेच, त्यामुळे तो मार्गशीर्ष कसा आला नि कसा गेला, कळलंही नाही. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या मार्गशीर्षात सुनेने पुन्हा गुरुवार धरले. मी सांगते आहे ती गोष्ट त्या मार्गशीर्षातली, म्हणजे गेल्या वर्षीची.

आमच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं मुलं करतात. त्यांना एक वाक्य पाठ असतं. बेल वाजवायची, वाक्य म्हणायचं आणि पुढच्या दाराकडे पळायचं. आमच्या दारात येणारी मुलं वर्षानुवर्षं म्हणायची, "आजींना आणि काकूंना हळदीकुंकवाला बोलावलंय." त्या शेवटच्या गुरुवारी दुपारी समोरच्या फ्लॅटमधली मुलगी आली. दार मीच उघडलं. ती म्हणाली, "काकूंना हळदीकुंकवाला बोलावलंय," आणि एरवी पळणारी पोर माझ्याकडे बघत उभी राहिली. घरून शिकवून पाठवलं होतं हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं. मी म्हटलं, "सांगते हो काकूंना." मग दुसरी आली, मग कुणाचा तरी मुलगा आला. सगळ्यांना काकूच हव्या होत्या.

नियम मला माहीत नव्हता थोडाच! पण नियम माहीत असणं वेगळं आणि आपल्याच उंबऱ्यात उभं राहून एका शेंबड्या पोराच्या तोंडून तो ऐकणं वेगळं. मला वाईट वाटलं. नुसतं वाईटही नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे मी मेथीची जुडी घेऊन आलेल्या भाजीवाल्यावर काढला.

सगळ्यांत जास्त लागलं ते चौथ्या मजल्यावरचं. तिथे राहणारी बाई इथलीच, विचुंब्याची. आमची इमारत उभी आहे तिथे तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं. आम्ही मुंबईहून इथे राहायला आलो तेव्हा लिफ्टपाशी तिने मला गाठलं होतं आणि सांगितलं होतं, "तुमचं सयपाकघर हाय ना बाई, त्याच्या खाली आमची विहीर व्हती." मी शाळेत शिकवत होते म्हणून ती मला बाई म्हणते, मी तिला वहिनी म्हणते. त्या दिवसापासून आमचं जमलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी नदीच्या बाजूला चालायला जायचो. तिला भरभर चालायला हवं असे आणि मला बोलायला, त्यामुळे आमचं सतत भांडण होई. हे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत तिच्या घरून डबा आला. आणि त्या गुरुवारी तिचा नातू दारात आला तो म्हणाला, "काकूंना."

मी चालायला जाणं बंद करायचं ठरवलं. गुडघा दुखतो असं त्याच्याबरोबरच कळवलं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी उद्यापन होतं. सून चांगली आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही बाहेरच बसा ना." मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय." आतल्या खोलीत पलंगावर बसून मी बांगड्यांचे आणि हसण्याचे आवाज ऐकत राहिले. आवाजावरून कोण आलं, कोण गेलं, हे मला नीट कळत होतं. मधेच नात आत आली आणि माझ्या मांडीवर एक सफरचंद ठेवून म्हणाली, "आजी, हे तुझं." मी दाबून बघितलं. चांगलं कडक निघालं. मला आणखीच राग आला.

शुक्रवारी सकाळी घट हलवला, मुलगा आणि सून आपापल्या ऑफिसला गेले आणि नाताळच्या सुट्टीतली दोन मुलं माझ्या ताब्यात आली. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. टेबलावर फळांची टोपली. तिच्यात इमारतीतलं प्रत्येक घर होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. "ही फळं आज संपली पाहिजेत," मी जाहीर केलं.

"मी नाही खाणार," नातू म्हणाला. 

"मी पण नाही," नात म्हणाली. मग जरा विचार करून, "फ्रूट केक कर ना. त्यात फ्रूट असतं."

एरवी मी म्हटलं असतं, आईला सांग, बेकरीतून आणेल. पण मला काहीतरी बारीक चिरायचंच होतं. "चला," मी म्हटलं, "हात धुवा."

माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या वाढदिवसाला मी कुकरमध्ये केक करत असे. सुनेचा ओव्हन लग्नात आला तेव्हापासून माळ्यावर आहे आणि त्याची वायर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे पुन्हा कुकरच काढला. कुकरची शिट्टी काढायची, झाकणाचं रबर काढायचं, तळाला मीठ पसरून तापवायचं आणि वर डबा ठेवायचा. पाण्याचा थेंब नाही. नातवाला हे पटेना. "शिट्टी नाही तर केक झाला हे कळणार कसं?" त्याने विचारलं. त्याच्या दृष्टीने जगातला प्रत्येक पदार्थ तीन शिट्ट्यांत होतो.

मुख्य अडचण मिठाची निघाली. घरात पाकिटातलं बारीक मीठ, तेही अर्धं. "चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे पोतं आहे," नातू म्हणाला. ते खरंच होतं. वहिनीचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. विकतचं मीठ तिच्या घरात येत नाही. मी नको म्हणेपर्यंत हा पठ्ठ्या जिन्यात होता. परत आला तो खडेमिठाने भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"त्या आजी विचारतात, गुडघा कसा आहे."

"दुखतोय म्हणून सांगायचंस."

"मी सांगितलं बरा आहे. तू सकाळी स्टुलावर चढली होतीस ना."

घरचा भेदी म्हणतात तो हा असा. मी मीठ कुकरमध्ये ओतलं. ओलसर होतं. तापायला लागलं तसं तडतडायला लागलं आणि दोन्ही मुलं टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

मग चिरणं सुरू झालं. मी सुरी घेतली, नातीला बोथट सुरी आणि नातवाला चमचा दिला. केळी कुस्करायचं काम नातवाने मागून घेतलं आणि कोपरापर्यंत केलं. चिकू सोलले, संत्र्याच्या फोडी मोकळ्या केल्या, डाळिंबाचे दाणे काढले, पेरू बियांमुळे बाद केला नि मीच खाल्ला. नात एकेक फळ माझ्या हातात देताना सांगत होती, "हा चिकू तळमजल्याच्या काकूंचा. ही केळी समोरच्यांची. हे डाळिंब चौथ्या मजल्याच्या आजींचं." पोरीच्या सगळं लक्षात होतं. मी "बरं" म्हणत चिरत होते. डाळिंबाला मात्र जरा जोरात सुरी लागली.

"टूटीफ्रूटी हवी," नात म्हणाली.

"कशाला?"

"फ्रूट केक आहे ना."

"ती फळं नव्हेत. रंगवलेली कच्ची पपई असते ती. इथे एवढी खरी फळं पडली आहेत."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी गणपतीशिवाय गणेशोत्सव म्हणते आहे. मग मी खालच्या दुकानातून पुडी मागवली. अंड्याचं मात्र ऐकलं नाही. देवीपुढच्या फळांत अंडं मी घालणार नव्हते, मग केक फुलो न फुलो. मैद्यात मूठभर रवा, साखर, तूप, दही, दूध, वेलची आणि जायफळ किसून. खाण्याचा सोडा एक चमचा घालायचा होता. तो कुणी घालायचा यावरून दोघांची जुंपली. मी गॅसकडे वळले होते, तेवढ्यात थोरलीने घातला. मी परत वळून डब्याला तूप लावते आहे तोवर धाकट्यानेही आपला हक्क बजावला. हे मला नंतर कळलं. आणखी एक नंतर कळलं. सफरचंदं चिरायला मी नातीला दिली होती, धुवून घे म्हणून बजावलं होतं. तिने ती धुतली नव्हती. "प्रसाद आहे ना, धुवायचा कशाला?" हे तिचं म्हणणं. गुरुवारी घटापुढच्या फळांना हळदीकुंकू वाहायचं काम तिचंच होतं आणि तिने ते हात आखडता न घेता केलं होतं. ती सगळी हळद सालीसकट केकमध्ये गेली.

डबा कुकरमध्ये ठेवला आणि वाट बघणं सुरू झालं. फळांनी पाणी सोडलं होतं, वर ते ओलं मीठ, त्यामुळे केक काही केल्या शिजेना. विणायची सुई खुपसली की चिकटच बाहेर यायची. मुलं ओट्यापाशी स्टूल ओढून बसली होती. बाहेर हिवाळ्याचं मऊ ऊन होतं, कुकरच्या शिट्टीच्या भोकातून आधी मिठाचा आणि मग हळूहळू जायफळाचा वास येत होता. मुलं मला शाळेतल्या गोष्टी सांगत होती आणि मी ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी मला काही ठुसठुसत नव्हतं. तसं जाणवलं आणि मी लगेच उठून भांडी घासायला घेतली.

दुपार कलायला लागली तेव्हा सुई कोरडी निघाली. केक चांगलाच फुगला होता आणि मधोमध भेगाळला होता. थंड झाल्यावर ताटात उपडा केला. पहिला काप काढला तर आत सगळीकडे तांबड्या शिरा. पिवळसर केकमध्ये लालबुंद रेघा, कुठे ठिपके, सफरचंदाच्या सालीभोवती तर लाल कडाच.

"रक्त!" नातू ओरडला.

मी दोघांना समोर उभं केलं. सोडा दोनदा पडल्याचं आणि सफरचंदं न धुतल्याचं तेव्हा बाहेर आलं. मला हसू फुटलं. "अरे, हळदीला सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते," मी सांगितलं. "कुंकू असंच करतात, हळदीचंच. तुम्ही केकमध्ये कुंकू केलंत."

"म्हणजे हळदीकुंकू केकमध्ये आहे?" नातवाने विचारलं.

"आहे खरं," मी म्हटलं. किंचित सोडा लागत होता, पण चव वाईट नव्हती. डाळिंबाचे दाणे दाताखाली येत होते.

मग वहिनीच्या पातेल्याचा प्रश्न आला. रिकामं भांडं परत करायचं नाही, मग मन कितीही कडू झालेलं असो. मी पातेलं घासून त्यात केकचे दोन काप ठेवले आणि नातीला म्हटलं, "चौथ्या मजल्यावर देऊन ये." एवढंच म्हटलं. ती भावाला घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने आली. खेळत बसली असतील असं मला वाटलं. मी देवापुढे दिवा लावला, पंख्याखाली जरा टेकले.

बेल वाजली. दारात तळमजल्यावरची, जिला मी रडवलं होतं ती. जरीकाठी साडी, केसांत गजरा. तिच्यामागे समोरच्या फ्लॅटमधली, मुलीचं बोट धरून. तिच्यामागे पहिल्या मजल्यावरच्या दोघी जावा. मला वाटलं, सुनेकडे आल्या असतील, काही विसरलं असेल. "सूनबाई अजून आली नाही," मी म्हटलं.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. तळमजल्यावरची हळूच म्हणाली, "तुम्ही बोलावलं ना? मुलं सांगून गेली."

"काय सांगून गेली?"

"आजीने हळदीकुंकवाला बोलावलंय."

मी नातीकडे वळले. ती निर्धास्त होती. "ज्यांची ज्यांची फळं होती त्यांना बोलावलं," ती म्हणाली. "त्यांची फळं, मग त्यांना नको?" केकला बोलावताना दुसरं काही म्हणायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. दारोदार जाऊन म्हणायचं एकच वाक्य तिला येत होतं, ते तिने म्हटलं होतं, फक्त आईच्या जागी आजी घालून.

घरातल्या साध्या साडीत, मैद्याचे हात पदराला पुसलेली मी, आणि समोर नटून आलेल्या सवाष्णी. आत या म्हणावं तर पंचाईत, न म्हणावं तर त्याहून मोठी. "या, बसा," मी म्हटलं आणि त्या बसल्या. सगळ्यांची नजर फिरून फिरून देवघरातल्या करंड्याकडे जात होती आणि तिथून खाली जमिनीकडे. तेवढ्यात उघड्या दारातून वहिनी आली. हातात तेच, मी घासून पाठवलेलं पातेलं, त्यात नारळ.

मला ते सहन होईना. चुकून आलेल्या माणसांना तोंडदेखलं बसवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. "हे बघा," मी म्हटलं, "मी बोलावलेलं नाही. पोरांनी परस्पर बोलावलं. तुमचा गैरसमज झाला. केक केलाय, तो खा आणि हवं तर जा. मला काही वाटणार नाही."

"गैरसमज कसला?" समोरच्या फ्लॅटमधली म्हणाली. "आजीने बोलावलंय असंच सांगितलं तिने. मी दोनदा विचारलं. म्हटलं, आईने की आजीने? म्हणाली, आजीने. म्हणून तर आले."

बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हणजे मी बोलावलं असं समजून आल्या होत्या, माझ्याकडे, साड्या नेसून.

"बोलावल्यावर कोण नाय येत?" वहिनी म्हणाली.

"आणि न बोलावल्यावर कोण येतं?" मी म्हटलं.

ते तोंडातून गेलं. मला ते परत घ्यायचं नव्हतं. वहिनीने पातेलं टेबलावर ठेवलं. ती माझ्याहून कमी फटकळ नाही, पण त्या वेळी तिला शब्द शोधावे लागले. "मना वाटलं, तुमाला आवडायचं नाय," ती म्हणाली. "बायकांमधी येऊन बसायचं, न आपल्याला कुंकू नाय... तुमचा जीव दुखंल. म्हणून नाय बोलावलं बाई. मुद्दाम नाय."

"मग विचारायचं होतं," मी म्हटलं. "नाही म्हणायला मला तोंड आहे."

"ते तर हाय," ती म्हणाली. पहिल्या मजल्यावरची धाकटी जाऊ खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

नातीला या सगळ्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की पाहुण्या आल्या आहेत आणि जे व्हायला हवं ते होत नाही. ती देवघराकडे निघाली. "आजी, हळदीकुंकू कोण लावणार?"

पुन्हा सगळ्या जमिनीकडे बघू लागल्या. आणि नातू, टूटीफ्रूटी वेचून खात बसलेला, मान वर न करता म्हणाला, "लावायचं कशाला? हळदीकुंकू केकमध्येच आहे. आजीनेच केलंय."

मला सांगावंच लागलं. न धुतलेली सफरचंदं, दोनदा पडलेला सोडा, सगळं. मी केक आणला, कापला, आणि प्रत्येकीने आपला काप दिव्यापाशी धरून तांबड्या शिरा बघितल्या. मग हसणं सुरू झालं ते थांबेना. "म्हणजे आमच्या पोटात कुंकू जाणार," तळमजल्यावरची म्हणाली. वहिनीने एक घास घेतला, दुसरा घेतला. "सोडा लागतोय गो बाई," ती म्हणाली. फळांच्या बाबतीत मी जे सगळ्यांना ऐकवत आले ते मला माझ्याच घरात ऐकावं लागलं, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन पाणी प्यायले. डोळेही पुसले.

सून आली तेव्हा खांद्याला लॅपटॉपची बॅग घेऊन दारातच थबकली. तिला वाटलं असेल, काय झालं! मी म्हटलं, "ये, हात धू. तुझ्यासाठी काप ठेवलाय." ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने कुणालाही काहीही विचारलं नाही. तिचा हा गुण मला फार आवडतो.

उठायची वेळ झाली. हातावर ठेवायला फळ उरलं नव्हतं, ते सगळ्यांच्या पोटात गेलं होतं. कुणी कुणाच्या कपाळाला हात लावला नाही. वहिनीने एकदा करंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नकाराची मान हलवली. मला कुंकू नको होतं. मला काय हवं होतं ते त्या दिवशी बोलता बोलता माझं मलाच स्पष्ट झालं होतं, म्हणून दारात उभं राहून मी सगळ्यांना एकदमच सांगितलं, "पुढच्या वर्षी बोलावणं पाठवा. यायचं की नाही ते माझं मी ठरवीन."

हो हो म्हणत सगळ्या चपला शोधू लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनीने खालून हाक मारली आणि मी चालायला गेले. ती नेहमीसारखी पुढे पळत होती.

वर्ष फार मोठं असतं आणि माणसं विसरतात. यंदा मार्गशीर्ष लागला तेव्हा मी स्वतःला बजावून ठेवलं होतं की बेल वाजली तरी दार सुनेला उघडू द्यायचं. शेवटच्या गुरुवारी सुनेने सुट्टी घेतली होती, पण दुपारी बेल वाजली तेव्हा ती घटाची फुलं बदलत होती आणि दार मीच उघडलं. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी. चांगली उंच झाली आहे. "आजींना आणि काकूंना हळदीकुंकवाला बोलावलंय," ती म्हणाली आणि पळाली. तळमजल्यावरूनही तसंच आलं. पहिल्या मजल्यावरून "काकूंना" एवढंच आलं. त्या दोघी जावांच्या सासूबाई गावाहून आल्या आहेत, त्यांना चालत नसेल. मी म्हटलं, "सांगते हो." या वेळी भाजीवाला वाचला.

चौथ्या मजल्यावरून कुणी येईना. मी पोळ्या लाटायला घेतल्या, मोडल्या, पुन्हा घेतल्या. ऊन खिडकीतून सरकून ओट्यावर आलं. मग बेल वाजली. वहिनीचा नातू धापा टाकत उभा होता, एवढा वेळ कुठे क्रिकेट खेळत होता देव जाणे.

"आजीने बोलावलंय," तो म्हणाला. "तुम्हाला. आणि काकूंना पण."

माझं मी ठरवीन असं म्हटलं होतं. ठरवायला फार वेळ लागला नाही. "येते म्हणून सांग," मी म्हटलं. तो जिना चढू लागला तशी मला राहवेना. मी पिठाच्या हातांनी कठडा धरून वर ओरडले, "आणि आजीला म्हणावं, सफरचंद पिठूळ असलं तर तिथेच सांगेन!"

वरच्या मजल्यावरचं दार उघडंच असावं. तिथूनच आवाज आला, "दाबून बगून आणलीत, बाई! या तुमी!"